पंखावरून सुटलेली हवा

विमानतळावर बसमधून उतरून शिडीकडे चालताना विमानाच्या नाकाकडे नजर टाकण्याची सवय फार थोड्या प्रवाशांना असते. परंतु ज्याने ती कधी टाकली असेल, त्याला वैमानिकांच्या खिडकीखालच्या गुळगुळीत पत्र्यावर, वाऱ्याकडे तोंड केलेल्या दोन-तीन आखूड नळ्या बसवलेल्या दिसल्या असतील, आणि त्यांच्याच आसपास, एका कण्यावर मोकळेपणी फिरणारी, तळहाताहूनही लहान अशी धातूची एक पातीही दिसली असेल. नळ्यांचे काम विमानाचा वेग सांगण्याचे, आणि पातीचे काम हवा विमानावर कोणत्या कोनातून येत आहे ते सांगण्याचे. शेकडो कोटी रुपये किमतीच्या आणि दीड-दोनशे माणसांचा जीव वाहून नेणाऱ्या यंत्राच्या अंगावर ही पाती इतकी क्षुल्लक वाटते की, तिच्याकडे पाहून कोणाच्याही मनात भीती किंवा आदर उत्पन्न होण्याचे कारण नाही. आणि तरीही जेट विमानवाहतुकीच्या इतिहासातील काही अत्यंत दारुण अपघात व काही अत्यंत शहाणपणाच्या सुधारणा यांचा उलगडा ती पाती जे मोजते त्या एका कोनाच्या अनुरोधानेच करावा लागतो.

विमान ‘स्टॉल’ झाले असे वर्तमानपत्रात वाचले की इंजिन बंद पडले असावे, असा समज बहुधा होतो. वस्तुतः इंजिनाशी या घटनेचा थेट संबंध नाही, आणि सगळी इंजिने पूर्ण ताकदीने गर्जत असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. बिघडते ते पंख आणि हवा यांच्यामधील नाते. विमानाचा पंख आपल्यावरून व आपल्याखालून जाणाऱ्या हवेला खालच्या दिशेस वळवतो, आणि त्या वळवण्याची प्रतिक्रिया म्हणून हवा पंखाला वर उचलते. या उचलण्याच्या बळाला शास्त्रात उत्थापक बल म्हणतात. हवेचे हे वळणे सर्वस्वी अवलंबून असते ते पंखाच्या वरच्या, किंचित फुगीर पाठीला ती चिकटून वाहते की नाही यावर. पंखाची रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यामध्ये जो कोन होतो, त्याला या लेखापुरते आपण आघातकोन म्हणू. हा कोन वाढवीत नेला की उत्थापक बलही वाढत जाते. परंतु ही वाढ अमर्याद नाही. साधारण पंखाच्या बाबतीत पंधरा अंशांच्या आसपास अशी एक सीमा येते की, तिच्यापलीकडे पाठीचा उतार धरून वाहणे हवेला अशक्य होते, ती पंखापासून सुटते, आणि सुरळीत प्रवाहाच्या जागी भोवऱ्यांचे थैमान सुरू होते. पावसाळ्यात कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या पुलावर उभे राहून ज्याने खाली पाहिले असेल, त्याला पाणी खांबाच्या पुढल्या अंगाला कसे लगटून येते आणि मागल्या अंगाला पोचता पोचता त्याची साथ सोडून कसे भोवऱ्यांत गरगरू लागते, हे ठाऊक असेल. पंखाच्या पाठीवर घडते ते याच जातीचे. उत्थापक बल घसरते, हवेचा विरोध वाढतो, आणि विमान खाली येऊ लागते. हाच स्टॉल.

या साध्या वर्णनातून जे निष्कर्ष निघतात ते मात्र साधे नाहीत, आणि ते नीट उमजले नाहीत म्हणून अनुभवी वैमानिकांनाही प्राण गमवावे लागले आहेत. पहिला असा की, स्टॉल हा वेगाचा नव्हे तर कोनाचा प्रश्न आहे. वेग कमी झाला की तेवढेच वजन उचलून धरण्यासाठी कोन वाढवावा लागतो, म्हणून मंद वेग हे स्टॉलचे नेहमीचे निमित्त ठरते. पण विमान साठ अंश कलून वळण घेत असेल आणि उंची सोडत नसेल, तर पंखांवरील भार दुप्पट होतो आणि सरळ उड्डाणात जो वेग निर्धोक असतो त्याच्या जवळजवळ दीडपट वेगालाही स्टॉल गाठतो. दुसरा असा की, विमानाचे नाक क्षितिजाच्या वर किती आहे यावरून आघातकोन कळत नाही. नाक वर आहे आणि विमान मात्र दगडासारखे खाली चालले आहे, अशा स्थितीत हवा समोरून न येता खालून येत असते, आणि नाक जेमतेम पंधरा अंश वर दिसत असताना आघातकोन चाळीस अंशांवर गेलेला असू शकतो. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, असा की, यावर इलाज एकच आहे: कोन कमी करणे, म्हणजे नाक खाली करणे. ज्या क्षणी जमीन वर येताना दिसते किंवा उंचीमापकाचे आकडे भराभर उतरू लागतात, नेमक्या त्याच क्षणी, वर जाण्याची आस सोडून, नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलण्याचा निश्चय माणसाला करावा लागतो. शरीराची उपजत प्रेरणा दांडा मागे ओढण्याची असते आणि विज्ञानाचा हुकूम अगदी उलट असतो; स्टॉलच्या अनेक शोकांतिका या विरोधातून जन्म घेतात.

मनुष्याच्या उड्डाणाच्या आरंभापासून हा शत्रू त्याच्या पाठीशी आहे. जर्मनीत टेकड्यांवरून आपल्या हातांनी बांधलेल्या ग्लायडरांतून असंख्य झेपा घेणारा आणि त्यांची काटेकोर टिपणे ठेवणारा ओटो लिलिएंथाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये वाऱ्याच्या एका झोताने ग्लायडर स्टॉल होऊन खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मरण पावला. पुढे विमाने सुधारली, वैमानिकांना स्टॉलमधून बाहेर पडण्याचे शिक्षण पहिल्या धड्यांतच मिळू लागले, आणि सरळ पंखांच्या जुन्या विमानांनी या बाबतीत बराचसा प्रामाणिकपणाही दाखवला: सीमा जवळ आली की पंखावरून सुटू पाहणारी हवा शेपटीवर आदळून सारे विमान थरथरे, मग नाक आपोआप खाली जाई, वेग वाढे, आणि हवा पुन्हा पंखाला चिकटे.

जेट विमानांनी हा प्रामाणिकपणा काही अंशी गमावला. ध्वनीच्या वेगाच्या जवळपास उडण्यासाठी त्यांचे पंख मागे झुकवावे लागले, आणि मागे झुकलेल्या पंखाची अशी खोड असते की, त्याची टोके आधी स्टॉल होऊ पाहतात. टोके मागच्या बाजूस असल्याने तेथील बल गेले की उरलेले बल पुढे सरकते, आणि नाक खाली जाण्याऐवजी अधिकच वर जाते. त्यात १९६० च्या सुमारास ज्या नव्या विमानांची आखणी झाली, त्यांपैकी अनेकांत इंजिने मागे, शेपटीजवळ, बसवण्यात आली आणि शेपटीचा आडवा पंख उभ्या सुकाणूच्या माथ्यावर चढवण्यात आला. या मांडणीचे फायदे खरे होते. पंख मोकळा राहत असे, केबिन शांत असे. तोटा मात्र असा होता की, आघातकोन फार वाढला की मुख्य पंखांवरून सुटलेल्या निर्बल, घुसळलेल्या हवेच्या लोटात ती उंचावरची शेपटी नेमकी बुडून जाई, आणि मग वैमानिकाने दांडा पुढे ढकलला तरी शेपटीवरील पट्ट्यांना कामाची हवाच मिळत नसे. नाक वर, वेग क्षीण, नियंत्रण निष्फळ, अशा अवस्थेत विमान जवळजवळ सपाट पडत राही. या अवस्थेला ‘डीप स्टॉल’ असे नाव मिळाले.

या संकटाची संपूर्ण ओळख जगाला झाली ती २२ ऑक्टोबर १९६३ रोजी. इंग्लंडमध्ये बी.ए.सी. वन-इलेव्हन या नव्या जेटचा पहिला नमुना स्टॉलच्या चाचण्या घेत होता, आणि त्याचे सुकाणू ज्यांच्या हाती होते ते माइक लिथगो म्हणजे १९५३ साली विमानाच्या वेगाचा जागतिक उच्चांक केलेले, त्या काळच्या अव्वल चाचणी-वैमानिकांपैकी एक. विमान स्टॉलमध्ये गेले आणि त्यातून बाहेर आलेच नाही. विल्टशरमधील चिकलेड गावाजवळ ते फारसा पुढचा वेग नसलेल्या स्थितीत जमिनीवर आपटले, आणि आतील सातही जण ठार झाले. कौशल्याची उणीव येथे नव्हती. ज्या अवस्थेत विमान शिरले होते तिच्यातून परतण्याचा मार्गच त्या विमानाकडे नव्हता. तेव्हा अभियंत्यांना असा निर्णय घ्यावा लागला की, ज्या खोलीतून परत येता येत नाही तिच्या उंबरठ्यापाशीच वैमानिकाला अडवले पाहिजे.

त्यासाठी दोन योजना मुख्यतः अमलात आल्या. नाकावरची पाती सीमाकोन जवळ आल्याचे सांगू लागली की एक लहानशी मोटर वैमानिकाच्या हातातील दांडा खडखडून हलवू लागते. हा ‘स्टिक शेकर’. जुन्या विमानांत पंखांपासून सुटलेली हवा जो थरकाप निर्माण करीत असे, त्याचे हे यांत्रिक रूप आहे, आणि त्याचा गुण असा की, वैमानिकाचे डोळे दुसऱ्या एखाद्या काट्यात गुंतलेले असले किंवा कान संभाषणात गढलेले असले तरी हाताला झालेला इशारा टाळता येत नाही. आणि इशाऱ्याकडेही दुर्लक्ष झाले, कोन वाढतच राहिला, तर दुसरी योजना, ‘स्टिक पुशर’, वैमानिकाची संमती न घेता दांडा जोराने पुढे ढकलते आणि नाक खाली आणते. पहिली योजना सल्ला देते, दुसरी हुकूम बजावते. प्रत्येक विमानाला दुसरीची गरज असते असे नाही. ज्याची शेपटी खाली आहे आणि ज्याचे नाक स्टॉलमध्ये स्वभावतःच खाली येते, त्याला शेकर पुरतो.

पण हुकूम बजावणाऱ्या यंत्राला एक अट असते: ज्याच्यावर ते हुकूम बजावते त्याचा त्याच्यावर विश्वास असला पाहिजे. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रुसेल्सकडे निघालेल्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या ट्रायडंट विमानाची कथा या अटीचीच कथा आहे. ट्रायडंटच्या पंखांच्या पुढल्या कडा उड्डाणाच्या वेळी खाली वळवण्याची सोय होती. त्या वळवल्या की पंख मोठ्या कोनालाही हवा धरून ठेवत असे, आणि विमानाने पुरेसा वेग घेतल्यावर त्या सरळ करावयाच्या असत. त्या दिवशी त्या कडा सरळ करण्याचा दांडा, वेग निर्धोक मर्यादेपेक्षा साठहून अधिक नॉट कमी असताना, ओढला गेला. कोन तोच, वेग तोच, पण पंखाची ताकद क्षणात घटली. शेकरने इशारा दिला, पुशरने नाक खाली ढकलले, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. आणि मग कॉकपिटमधील कोणीतरी ती संरक्षक यंत्रणाच बंद केली. विमान डीप स्टॉलमध्ये गेले आणि स्टेन्स या गावाजवळ कोसळले; ११८ जण मृत्यू पावले. पुढे जी जाहीर चौकशी झाली, तिच्यात कप्तानाच्या हृदयविकाराचा, कमी वेगात कडा सरळ करण्यास अटकाव करणारी यांत्रिक तरतूद नसल्याचा, आणि पंखाचा आकार बदलल्यामुळे येणाऱ्या स्टॉलचे शिक्षण वैमानिकांना मिळालेले नसल्याचा असे अनेक निष्कर्ष निघाले. कॉकपिटमधील संभाषण नोंदवणारे यंत्र त्या विमानात नव्हते, त्यामुळे यंत्रणा कोणी आणि का बंद केली हे कायमचे अंधारात राहिले. ब्रिटनमध्ये मोठ्या विमानांना असे यंत्र सक्तीचे होण्यामागे हा अपघात आहे. परंतु अनुमान करणे कठीण नाही. ज्या यंत्रणेने पूर्वी कधी कधी खोटे इशारे दिले होते, ती खऱ्या संकटात बोलू लागली तेव्हा तिच्याकडे तारणहार म्हणून न पाहता बिघाड म्हणून पाहिले गेले असावे.

यानंतरच्या पिढीने प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचा यत्न केला. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० विमानात वैमानिकाचा दांडा आणि विमानाच्या पट्ट्या यांच्यामध्ये संगणक बसले, आणि वैमानिकाने बाजूचा लहान दांडा कितीही मागे ओढला तरी संगणक आघातकोन ठरावीक मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत अशी तजवीज झाली. एवढेच नव्हे, कोन धोक्याजवळ आला की इंजिनांना पूर्ण ताकदीचा हुकूमही आपोआप जातो. या रचनेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत दोन्ही इंजिने निकामी झालेले ए-३२० उतरले आणि १५५ जण वाचले, त्या उतरण्याच्या अंतिम क्षणांत कोन मर्यादेत ठेवण्याचे काम ही यंत्रणाही करीत होती. पण ती काय करू शकत नाही हेही भारताला लवकरच कळले होते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे नवे कोरे ए-३२० बंगलोरला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि ९२ जण मृत्यू पावले. ते विमान स्टॉल झालेले नव्हते. पण उतरताना इंजिने किमान ताकदीवर राहून वेग ढळत गेला होता, आणि पूर्ण ताकदीचा हुकूम सुटला तेव्हा इंजिनांना वेग घेण्यास लागणारे सेकंद उरले नव्हते. संगणक पंखाला हवा धरून ठेवायला लावू शकतो; गेलेली उंची आणि गेलेला वेग तो परत निर्माण करू शकत नाही.

आणि हे सारे ज्या मोजमापावर उभे आहे, ते मोजमापच खोटे असेल तर? ए-३२० वर अशा तीन पात्या असतात, आणि दोघींचे एकमत झाले की तिसरीचे मत बाजूला सारायचे, असा संगणकाचा कायदा आहे. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्यांच्या किनाऱ्याजवळ एक ए-३२० विमान मालकाकडे परत करण्यापूर्वी तपासणीच्या उड्डाणावर होते. काही दिवसांपूर्वी ते धुताना पात्यांवर झाकणे न लावता पाणी मारले गेले होते, ते आत शिरले, वर थंड हवेत गोठले, आणि दोन पात्या एकाच जागी खिळून राहिल्या. तिसरी खरे सांगत होती. पण दोन खोट्यांपुढे ती एकटी पडली आणि संगणकाने तिलाच दोषी ठरवले. वैमानिक कमी उंचीवर वेग मुद्दाम घटवीत होते, यंत्रणा योग्य वेळी आडवी येईल या भरवशावर. ती आली नाही, विमान स्टॉल होऊन समुद्रात पडले, आणि आतील सातही जण गेले.

या विषयातील सर्वांत मोठा धडा मात्र १ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर लिहिला गेला. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० विमान २२८ जणांना घेऊन ३५,००० फुटांवर होते. कप्तान विश्रांतीसाठी गेला होता आणि दोन सहवैमानिक कॉकपिटमध्ये होते. वादळी ढगांच्या पट्ट्यात बर्फाच्या सूक्ष्म कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या. वेगाचे आकडे परस्परविसंगत झाल्याबरोबर, प्रमाणित वेळेनुसार २ वाजून १० मिनिटे ५ सेकंदांनी, स्वयंचलित नियंत्रण सुटले. आणि ज्या कायद्याने संगणक वैमानिकाला स्टॉलपासून वाचवीत असे तोही, विश्वासार्ह वेग हाती नसल्याने, आपोआप शिथिल झाला. विमानात दुसरा कोणताही बिघाड नव्हता. नाक आणि इंजिनांची ताकद आहे तशी ठेवून मिनिटभर थांबले असते तर नळ्या मोकळ्या झाल्या असत्या, आणि त्या झाल्याही. पण हाती नियंत्रण घेतलेल्या सहवैमानिकाने दांडा मागे ओढला. विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले, वेग खर्ची पडला, आणि विरळ हवेत, जिथे स्टॉलचा सीमाकोन मुळातच पुष्कळ खाली आलेला असतो, ते स्टॉल झाले.

इशारा होत होता. ‘स्टॉल, स्टॉल’ असा मानवी आवाजातील उच्चार कॉकपिटमध्ये ७५ वेळा झाला, त्यांतील चोपन्न सेकंद अखंड. पण त्याचा उल्लेखसुद्धा कोणी केल्याची नोंद नाही. मग एक विलक्षण गोष्ट घडली. यंत्राची रचना अशी होती की, मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला तर पात्यांचे मोजमाप अविश्वसनीय समजून इशारा बंद करावा. कारण एवढ्या मंद वेगात विमान आकाशात असेल हे कोणाच्या कल्पनेत नव्हते. विमान जवळजवळ सपाट कोसळत होते, नळ्यांवर हवा वेडीवाकडी येत होती, मोजलेला वेग ६० च्या खाली गेला, आणि विमान सर्वाधिक संकटात असताना इशारा गप्प झाला. ज्या क्षणी नाक जरा खाली केले, म्हणजे नेमके योग्य तेच केले, त्या क्षणी मोजमाप पुन्हा ग्राह्य ठरून इशारा पुन्हा ओरडू लागला. बरोबर कृतीला ओरडा आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा उफराटा न्याय त्या दोघांच्या, आणि मागून धावत आलेल्या कप्तानाच्या, वाट्याला आला. दोन बाजूंचे दांडे एकमेकांना जोडलेले नसल्याने एकजण सतत मागे ओढत आहे हे दुसऱ्याला हाताने कळण्याचा मार्ग नव्हता. स्वयंचलित नियंत्रण सुटल्यापासून चार मिनिटे तेवीस सेकंदांनी, नाक सोळा अंश वर ठेवून आणि मिनिटाला सुमारे ११,००० फूट या गतीने खाली येत, ते विमान पाण्यावर आदळले. सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळातून नोंदयंत्रे वर काढण्यास मे २०११ उजाडला, आणि जुलै २०१२ मध्ये फ्रान्सच्या तपासयंत्रणेचा अखेरचा अहवाल प्रसिद्ध झाला. इतका वेळ आणि इतका खर्च करून जे कळले ते थोडक्यात असे की, त्या तिघांना आपण स्टॉलमध्ये आहोत हे शेवटपर्यंत उमगले नाही.

याच्या अगदी उलट दिशेने आलेली आपत्ती म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स. त्या विमानाची नवी, मोठी इंजिने पंखाच्या अधिक पुढे व वर बसवावी लागली, आणि त्यामुळे मोठ्या कोनाला दांडा अपेक्षेपेक्षा हलका लागू लागला. हा फरक भरून काढण्यासाठी एमकॅस नावाची यंत्रणा घातली गेली. कोन वाढल्याचे दिसले की ती शेपटी हलवून नाक खाली आणत असे. पण विमानावर दोन पात्या असताना ही यंत्रणा एका वेळी एकाच पातीचे ऐके, नाक पुन्हा पुन्हा खाली आणत राही, आणि तिचे अस्तित्वच वैमानिकांच्या पुस्तिकेत सांगितलेले नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात एका पातीने सुमारे वीस अंश चुकीचा कोन सांगितला आणि १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तेच घडले आणि १५७ माणसे गेली. त्या पात्या सोडल्या तर दोन्ही विमाने सुस्थितीत होती, दोन्ही स्टॉलच्या जवळपासही नव्हती. संरक्षण म्हणून ज्या यंत्रणेने नाक खाली ढकलले तिनेच त्यांना जमिनीत घातले. त्या मार्चमध्ये भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने या विमानांना मनाई केली आणि ती ऑगस्ट २०२१ मध्ये उठवली. आता ती यंत्रणा दोन्ही पात्या ताडून पाहते, त्यांच्यात विसंवाद असेल तर बाजूला होते, आणि वैमानिकाच्या हातावर मात करण्याइतकी ताकद तिला उरलेली नाही.

या साऱ्या प्रकरणांचा एकत्र विचार केला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. यंत्राला अधिकार द्यावा की माणसाला, या वादाला येथे फारसा अर्थ उरत नाही. स्टेन्सला यंत्र बरोबर होते आणि माणसाने त्याला गप्प केले. इंडोनेशियात माणूस बरोबर होता आणि यंत्राने त्याला जुमानले नाही. अटलांटिकवर यंत्राने योग्य इशारा दिला, मग तो नेमका नको तेव्हा थांबवला, आणि माणसाला दोन्हींचा अर्थ लागला नाही. प्रत्येक वेळी तुटले ते परस्परांचे ज्ञान: यंत्र कशाच्या आधारावर बोलते, केव्हा बोलेनासे होते, आणि बोलल्यावर आपण काय करावयाचे, हे वैमानिकाला आधीच, शांतपणी, हाताला सवय होईपर्यंत ठाऊक असावयास हवे होते.

विमानविश्वाने हा बोध घेतला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक दशके वैमानिकांना असे शिकवले जात असे की, स्टॉलचा इशारा झाला तर इंजिने पूर्ण ताकदीने चालवा आणि उंची शक्य तितकी कमी गमवा; या शिकवणीने परीक्षेत गुण मिळत, पण तिने कोन कमी करण्याचे मुख्य सूत्र झाकून टाकले होते, आणि पंखाखाली इंजिने असलेल्या विमानांत एकदम ताकद वाढवली की नाक उलट वर जाते हेही ती विसरली होती. २०१२ साली अमेरिकेच्या नियामकाने नवे मार्गदर्शन काढले आणि क्रम बदलला: आधी नाक खाली, मग पंख सपाट, मग गरजेपुरती ताकद, आणि उंचीची चिंता सर्वांत शेवटी. पुढे तेथे असाही नियम झाला की, केवळ इशाऱ्यापर्यंत नव्हे, तर पूर्ण स्टॉलमध्ये विमान गेल्यावर काय होते याचा अनुभव वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये मिळालाच पाहिजे. आणि त्यासाठी सिम्युलेटरांनाही खऱ्या स्टॉलचे वर्तन नव्याने शिकवावे लागले, कारण तोपर्यंत ती यंत्रे सीमेपलीकडे काय होते ते यथार्थ दाखवीतच नव्हती.

हा विषय भारतीय वाचकाला दूरचा वाटू नये. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदवली; ती विमाने चालवण्यास हजारो तरुण वैमानिक लागतील, आणि त्यांपैकी बहुतेकांची सारी कारकीर्द अशा संगणकांच्या सोबतीत जाईल की, ज्यांच्या कृपेने त्यांना खरा स्टॉल आयुष्यात कधीही भेटणार नाही. म्हणूनच तो त्यांना शिक्षणात भेटला पाहिजे. सिम्युलेटरचा प्रत्येक तास महाग असतो आणि वेळापत्रकाची घाई नेहमीच असते, तरीही या तासांत काटकसर करण्याची मुभा कोणत्याही कंपनीला मिळता कामा नये, आणि नियामकाने या एका बाबतीत कागदावरच्या हजेरीवर समाधान मानू नये. तिकिटाचे दर आणि उड्डाणांचा उशीर यांविषयी आपण प्रवासी मोठ्या आवाजात तक्रार करतो. तितक्याच आवाजात आपण हेही विचारले पाहिजे की, आपल्या वैमानिकांनी पूर्ण स्टॉलचा सराव शेवटचा कधी केला, आणि दांडा पुढे ढकलण्याची सवय त्यांच्या हातांना आहे की नाही.